आधी खाण, मग आगगाडी

इंग्लंडच्या ईशान्येला डरहम परगण्यात, न्यूकॅसल शहराच्या थोडं दक्षिणेला, बीमिश नावाचं संग्रहालय आहे. ते इमारतीत मावणारं नाही. सुमारे साडेतीनशे एकरांच्या चढउतारावर एक खाणगाव, एक कोळसाखाण, एक बाजारपेठ, रेल्वेचं स्टेशन आणि शेतवाड्या उभ्या आहेत, आणि या सगळ्यांना जोडणारी दीड मैलाची ट्राम आहे. प्रत्येक भागाचा काळ वेगळा. कुठे १८२०चं दशक, कुठे विसाव्या शतकाची पहिली वर्षं, कुठे १९४०चं दशक, कुठे १९५०चं. त्या त्या काळचे कपडे घातलेली माणसं तिथे भट्टी पेटवतात, पाव भाजतात, इंजिन हाकतात. २०२५ साली ब्रिटनमधला ‘म्युझियम ऑफ द इयर’ हा मान बीमिशला मिळाला.

माझी भाची न्यूकॅसलला नोकरी करते, म्हणून माझं तिकडे जाणं होतं. माझं लहानपण चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यातल्या कॉलनीत गेलं. बाबा भूमिगत खाणीत लोडर होते. सुरुंगाने फुटलेला कोळसा फावड्याने टबात भरायचा, हे त्यांचं काम. ज्यांची मुलंबाळं ब्रिटनमध्ये आहेत आणि ज्यांचं लंडन पाहून झालं आहे, त्यांनी एक दिवस इकडे काढावा असं मला मनापासून वाटतं. हे लिहिते आहे ते त्यांच्यासाठी, आणि आपल्याकडेही असं काही उभं राहावं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी.

१. खाण आधी पाहावी, इंजिन नंतर

दारातून आत शिरलं की मुलं हात ओढत वाफेच्या इंजिनाकडे निघतात, आणि मोठी माणसंही त्यांच्यामागे जातात. क्रम बदलावा. रेल्वेची जन्मकथा खाणीत सुरू होते, आणि ती त्याच बाजूने वाचली तर कळते.

आपण शाळेत शिकतो, १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे. त्याच्या मागे गेलं तर जॉर्ज स्टीफन्सन. त्याच्याही मागे काय होतं, हे पुस्तकात नव्हतं. डरहमच्या मातीत उभं राहिलं की ते दिसतं. इथे कोळसा जमिनीपासून फार खोल नव्हता आणि टाईन नदी काही मैलांवर होती. नदीतून गलबतं कोळसा घेऊन लंडनला जायची. अडचण एकच, खाणीपासून नदीपर्यंतचा चिखल. म्हणून सतराव्या शतकात इथे लाकडी रूळ टाकले गेले आणि त्यांवरून घोडे वाघिणी ओढू लागले. चाल्ड्रन नावाच्या त्या वाघिणी बीमिशच्या खाणीजवळ आजही उभ्या आहेत, लाकडी, वर रुंद आणि खाली निमुळत्या. न्यूकॅसलच्या मापाने एका चाल्ड्रनमध्ये ५३ हंड्रेडवेट, म्हणजे २.७ टनांच्या आसपास कोळसा मावायचा. चिखलात एका घोड्याच्याने हा भार हललाही नसता, रुळांवर तो ओढत होता. वाफेच्या शंभर-दीडशे वर्षं आधी रेल्वेचं निम्मं काम झालेलं होतं.

उरलेलं निम्मंही खाणीनेच केलं. पाणी उपसायला वाफेची यंत्रं खाणींवर आधीपासून होती. त्यातलंच एक चाकांवर चढवून पाहायचं धाडस खाणीच्या माणसांनी केलं. बीमिशच्या पॉकर्ली भागात १८२०च्या दशकातला खाणमार्ग उभारला आहे. तिथे चालणाऱ्या इंजिनांची नावं लक्षात ठेवावीत. ‘पफिंग बिली’ विल्यम हेडलीने १८१३-१४ मध्ये वायलमच्या खाणीसाठी बनवलेलं. ‘स्टीम एलिफंट’ १८१५च्या सुमाराचं, वॉल्सएंडच्या खाणीसाठी बनवलेलं. ‘लोकोमोशन’ २७ सप्टेंबर १८२५ रोजी स्टॉकटन–डार्लिंग्टन मार्गावर धावलेलं. तिन्हींची जन्मगाठ कोळशाशी. स्टॉकटन–डार्लिंग्टन मार्गसुद्धा कोळसा नदीपर्यंत पोहोचवण्यासाठीच बांधला होता. उद्घाटनाच्या दिवशी शेकडो माणसं चढून बसली ती बहुतेक कोळशाच्या वाघिणींमध्ये.

स्टीफन्सन स्वतः १७८१ साली वायलममध्ये जन्मला. त्याचे वडील खाणीच्या पंपाच्या भट्टीत कोळसा टाकायचे, आणि हा मुलगा वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत निरक्षर होता. किलिंगवर्थच्या खाणीवर वाघिणींच्या रुळांचं जे माप होतं, तेच त्याने पुढे नेलं आणि ते चार फूट साडेआठ इंचांवर स्थिरावलं. आज जगातले निम्म्याहून अधिक लोहमार्ग याच मापाचे आहेत. भारताने मोठ्या मार्गासाठी साडेपाच फूट घेतले, पण आमच्या नागपूरची मेट्रो, पुण्याची मेट्रो, मुंबईची मेट्रो या स्टीफन्सनच्याच मापाच्या रुळांवर धावतात. सीताबर्डीला मेट्रोत चढणाऱ्या माणसाच्या पायाखाली टाईनकाठच्या घोडागाडीचं माप आहे, हे मला बीमिशच्या चिखलात उभं राहून पहिल्यांदा जाणवलं.

आणखी एक धागा आपल्याकडे येतो. जॉर्जचा मुलगा रॉबर्ट हा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा सल्लागार अभियंता होता. बोरघाटाच्या लोहमार्गाची आखणी करणारा मुख्य अभियंता जेम्स बर्कली रॉबर्टच्याच हाताखाली तयार झाला होता. आणि खुद्द विदर्भात काय झालं? १८७०च्या दशकात वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रूळ आले, ते वरोऱ्याच्या कोळशासाठी. तिथेही आधी खाण, मग आगगाडी.

म्हणून ट्रामने थेट खाणगावाला उतरावं. पॉकर्लीची इंजिनं दुपारी पाहावीत.

२. ड्रिफ्टमध्ये वाकावं लागतं, तिथे वाकूनच जावं

बीमिशच्या जागेवर एकोणिसाव्या शतकातली एक खरी खाण आहे, महॉगनी ड्रिफ्ट. ड्रिफ्ट म्हणजे विहिरीसारखं खाली न उतरता डोंगराच्या पोटात उतारावरून शिरणारी खाण. आपल्याकडे तिला इनक्लाइन म्हणतात. हेल्मेट घालून मार्गदर्शकाबरोबर आत जाता येतं. ती रोज उघडी असेलच असं नाही, म्हणून खाणगावात पोहोचल्याबरोबर आधी तिथे विचारावं.

छत कमी उंचीचं आहे. काही लोक दोन-चार पावलं वाकतात आणि ‘कळलं’ म्हणून परत फिरतात. तसं करू नये. पाठ दुखायला लागेपर्यंत आत राहावं, कारण या जागेतली माहिती पाठीलाच मिळते. कोळशाचा थर जेवढा जाड तेवढीच कामाची उंची. दगड फोडून उंची वाढवायचे पैसे कुणी देत नसे. पातळ थरात माणूस कुशीवर आडवा होऊन टिकाव चालवायचा.

आमच्या मार्गदर्शकाने हातातल्या काठीने छताला ठोका दिला आणि कान लावून ऐकायला सांगितलं. घट्ट छत खणखणतं, सुटलेलं छत बद्द वाजतं. बाबा हेच सांगायचे. आमच्याकडे मायनिंग सरदार शिफ्टच्या सुरुवातीला काठीने छत तपासायचा, आणि जुने लोडर सरदारावर न थांबता फावड्याच्या दांड्याने स्वतः ठोकून पाहायचे. मी हे त्या माणसाला सांगितल्यावर त्याने बाकीच्यांना थांबवलं आणि मला विचारलं, तुमच्याकडे खांब सोडतात का? सोडतात. कोळशात चौकटी आखून गल्ल्या काढायच्या, मध्ये कोळशाचेच जाड खांब छताला आधार म्हणून ठेवायचे आणि शेवटी परतताना एकेक खांब काढून छत मागे पडू द्यायचं. बोर्ड आणि पिलर ही ती पद्धत. ईशान्य इंग्लंडच्या खाणींत ती रुळली आणि भारतातल्या बहुतेक भूमिगत कोळसाखाणी तिनेच चालल्या. खांब काढून झाल्यावर मागे जी पोकळी राहते तिला बाबा ‘गोफ’ म्हणायचे. डरहमच्या त्या माणसाच्या तोंडी त्या पोकळीसाठी जवळजवळ तोच उच्चार होता. त्यानंतर आम्हाला दुभाष्याची, म्हणजे भाचीची, फारशी गरज पडली नाही.

आपल्या घरात कुणी खाणीत, गिरणीत, रेल्वेत काम केलेलं असेल तर तिथल्या माणसांना ते जरूर सांगावं. फलकांवर नसलेल्या गोष्टी ते त्यानंतर बोलतात.

३. दिव्यांच्या खोलीत टोकनाबद्दल विचारावं

खाणीच्या तोंडाशी दिव्यांची खोली आहे. रांगेने लावलेले पितळी सुरक्षादिवे आणि त्यांच्याजवळ नंबर ठोकलेली टोकनं. कामगार आत जाताना दिवा घेतो आणि टोकन देतो. परत येताना दिवा देतो, टोकन घेतो. संध्याकाळी एखाद्या नंबरची जागा भरली नाही, तर तो माणूस अजून खाली आहे. खाली किती माणसं आहेत आणि ती कोण, हे सांगणारी दुसरी कोणतीही खूण नव्हती.

दिव्याचीही कथा आहे. १८१२ साली फेलिंगच्या खाणीत वायूचा स्फोट होऊन ९२ माणसं आणि मुलगे गेले. त्यानंतर उघड्या ज्योतीवर उपाय शोधण्याची धडपड सुरू झाली. लंडनमध्ये शास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही आणि इकडे किलिंगवर्थला जॉर्ज स्टीफन्सन, दोघांनीही १८१५ मध्ये आपापला सुरक्षादिवा तयार केला. डेव्हीने ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी लावली. जाळी उष्णता शोषते, त्यामुळे आतली आग बाहेरच्या वायूपर्यंत पोहोचत नाही. वायू असला की ज्योतीवर फिकट निळी टोपी दिसते. दिवा उजेड देतो आणि धोकाही सांगतो. मोठं श्रेय डेव्हीला मिळालं. पण ईशान्येतल्या खाणकामगारांनी स्टीफन्सनचा दिवा ‘जॉर्डी’ या नावाने वापरला, आणि आपल्या माणसाच्या बाजूने ते ठामपणे उभे राहिले. रेल्वेचा जनक म्हणून आपण ज्याला ओळखतो, त्याची इथली पहिली ओळख दिव्यामुळे आहे.

४. घरांना सर्वांत जास्त वेळ द्यावा

माझ्या लेखी बीमिशचं खरं मोठेपण इथे आहे. फ्रान्सिस स्ट्रीट नावाची खाणकामगारांच्या घरांची एक ओळ आहे. ही घरं हेटन-ले-होल गावात १८६०च्या दशकात खाण कंपनीने बांधली होती. १९७०च्या दशकात ती पडायला आली तेव्हा त्यातली काही दगडन्‌दगड उतरवून इथे आणून पुन्हा उभी केली. खाली चूल असलेली मोठी खोली, शिडीने वर गेलं की पोटमाळा, मागे अंगण, अंगणाच्या टोकाला संडास, गल्लीपलीकडे भाजीचे वाफे आणि कबुतरांची खुराडी.

प्रत्येक घर वेगळ्या कुटुंबाचं म्हणून सजवलं आहे. एक मेथॉडिस्ट पंथाच्या नेटक्या कुटुंबाचं. एक आयर्लंडहून आलेल्या कॅथलिक कुटुंबाचं. तिथे चिनी मातीच्या आणि किमती वस्तू जास्त, कारण अडचणीच्या वेळी त्या विकता यायच्या. आपल्याकडे बायकांच्या अंगावरचं सोनं जे काम करतं, ते तिथे कपाटातल्या वस्तूंनी केलं. तिसरं घर एका विधवेचं. खाणीत नोकरी तोवर घर, असा कंपनीचा नियम. नवरा गेल्यावर तिला घर सोडावं लागलं असतं. पण तिचा मुलगा खाणीत कामाला आहे म्हणून ती राहू शकते, आणि दुसऱ्यांचे कपडे धुऊन, शिवून चार पैसे मिळवते.

त्या खोलीत मी बराच वेळ थांबले. आमच्या कॉलनीत एखादा कामगार गेला की दहाव्याच्याही आधी एकच विषय असायचा, त्याच्या जागी कोण लागणार. मुलगा सज्ञान आहे का, नसेल तर क्वार्टर किती दिवस राहील. ज्या घरात मोठा मुलगा होता, त्या घरातल्या आईची चूल तिथेच राहायची. नववीतला मुलगा पुढे शिकेल की खाणीत जाईल, हे एका दुपारी ठरायचं. हजारो मैलांवरच्या, वेगळ्या भाषेच्या, वेगळ्या शतकातल्या घरात तोच नियम आणि तीच काळजी मांडलेली पाहून मला फार भरून आलं. या घराचं सजवणं ज्यांनी ठरवलं, त्यांनी नुसत्या खुर्च्या मांडल्या नाहीत. कामगाराच्या घरात छप्पर कशाच्या जिवावर टिकतं हे त्यांना समजलेलं होतं.

घरात बसलेल्या बायकांशी बोलावं. चुलीसमोर पत्र्याचं न्हाणं का आहे ते विचारावं. खाणीवर अंघोळीची सोय बऱ्याच उशिरा आली. तोवर नवरा एका पाळीचा, एक मुलगा दुसऱ्या पाळीचा, घरात एखादा भाडेकरू तिसऱ्या पाळीचा, आणि प्रत्येकासाठी पाणी तापवणं, जेवण वाढणं, कोळशाने माखलेले कपडे बडवून झटकणं, हे सगळं घरातल्या बाईचं काम. तिची पाळी कधी संपतच नव्हती. आईची आठवण यावी असं आणखी एक काम तिथे चालू असतं. जुन्या कपड्यांच्या चिंध्या गोणपाटात एकेक खोचून जाड चटई बनवतात. मागितलं तर आपल्याही हातात देतात. मी थोडी ओळ भरली. चिंधीचा तुकडा किती लांब घ्यायचा ते बोटांवर मोजतात, आपल्या गोधडीचा टाका जसा बोटाने मोजतात तसाच.

लोक या घरांतून दोन मिनिटांत बाहेर पडतात आणि इंजिनापाशी अर्धा तास उभे राहतात. लहान मुलांचं मी समजू शकते. मोठ्यांनी मात्र घरात बसून घ्यावं. रूळ, वाघिणी, वाफ यांना चालवणारी माणसं इथे जेवत होती.

५. मूळ कोणतं, हलवून आणलेलं कोणतं, नव्याने घडवलेलं कोणतं, हे विचारत राहावं

तिथली माणसं यावर खरं उत्तर देतात, हे मला फार आवडलं. महॉगनी ड्रिफ्ट मूळ जागी आहे. खाणीत पिंजरा वरखाली करणारं उभं वाफेचं यंत्र १८५५ सालचं, न्यूकॅसलच्या जॉइसी कारखान्यात बनलेलं, याच परिसरातल्या खाणीवरचं. रोली स्टेशन १८६७ सालचं, कॉन्सेट गावाजवळून उतरवून आणलेलं; त्याच्या सगळ्या आयुष्यात तिथे ना नळाचं पाणी आलं ना गॅस ना वीज, तेलाच्या दिव्यांवर ते चाललं. १९७६ साली त्याचं उद्घाटन राजकवी जॉन बेटजेमन यांनी केलं. जुनी स्टेशनं पाडली जाऊ नयेत म्हणून भांडलेला माणूस तो, त्यामुळे निवड योग्यच होती.

पॉकर्लीची तिन्ही इंजिनं मात्र नव्याने घडवलेली आहेत. मूळ ‘पफिंग बिली’ लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे; टिकून राहिलेलं जगातलं सर्वांत जुनं वाफेचं इंजिन म्हणून ते ओळखलं जातं आणि अर्थातच ते आता कुणी पेटवत नाही. काही जाणकार नव्या इंजिनांना नावं ठेवतात. मला ते पटत नाही. इंजिन चालताना पाहिलं तरच दांडे कसे वर-खाली होतात, ड्रायव्हर कुठे उभा राहतो, धूर कुणाच्या तोंडावर येतो हे कळतं, आणि दोनशे वर्षांचा बॉयलर त्यासाठी पणाला लावू नये. घराचं तसं नाही. घर मूळचंच हवं. उंबऱ्याच्या दगडाला पडलेला खळगा नवा करता येत नाही.

६. खाण्याआधी तळण विचारावं

खाणगावात कोळशाच्या भट्टीवर मासे आणि बटाट्याचे चिप्स तळणारं दुकान आहे. रांग मोठी असते, वास दूरवर येतो. पण तळण गाईबैलाच्या चरबीत होतं, त्या प्रदेशातली ती जुनी रीत आहे, आणि चिप्सही त्यातच तळले जातात. शाकाहारी माणसांनी, आणि जे हे मांस खात नाहीत त्यांनीही, आधी विचारून घ्यावं. आम्ही दशम्या आणि चटणी नेली होती.

७. बूट आणि पाऊस

जाड तळव्याचे बूट, टोपी असलेला रेनकोट. उन्हाळ्यातही. इमारतींमधलं अंतर बरंच आहे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी ट्रामच्या थांब्यांचा नकाशा दारातच घ्यावा.

८. एक तास स्टॅनलीसाठी राखून ठेवावा, एक कॉजी कमानीसाठी

संग्रहालयात जे दिसतं ते चालतं-बोलतं आणि जिवंत असतं. मरणाची गोष्ट पाहायला जवळच्या स्टॅनली गावात जावं लागतं. १६ फेब्रुवारी १९०९ रोजी वेस्ट स्टॅनली खाणीत स्फोट झाले आणि १६८ माणसं गेली. त्यांत पोरसवदा मुलगेही बरेच होते. गावात स्मारक आहे. बीमिशची ती नीटनेटकी घरं ज्या वर्षांची म्हणून सजवली आहेत, त्याच वर्षांतली आणि हाकेच्या अंतरावरची ही घटना आहे. दोन्ही एका दिवसात पाहिलं की दिव्यांच्या खोलीतली टोकनं वेगळी दिसू लागतात. चासनाल्याच्या खाण-दुर्घटनेची बातमी आली ते १९७५चं वर्ष मला पुसटसं आठवतं. आजच्या झारखंडातली खाण, आपल्यापासून किती लांब, पण आमच्या कॉलनीत त्या दिवसांत कुणी मोठ्याने रेडिओ लावला नाही.

कॉजीची कमान स्टॅनलीपासून जवळ, झाडीतल्या ओढ्यावर आहे. १७२०च्या दशकात बांधलेला हा दगडी पूल कोळशाच्या घोडा-वाघिणींसाठी होता, आणि शिल्लक राहिलेला जगातला सर्वांत जुना रेल्वेपूल म्हणून तो ओळखला जातो. आपल्याकडे छत्रपती शाहूंच्या कारकिर्दीत पहिला बाजीराव नुकता पेशवा झाला होता, तेव्हाचा हा रेल्वेपूल. त्यावर आज चालत जाता येतं.

९. वस्तू वापरात असतानाच मागाव्यात

बीमिशची कल्पना फ्रँक ॲटकिन्सन यांची. ते जवळच्या एका कलासंग्रहालयाचे संचालक होते. १९५०च्या दशकात त्यांनी स्कँडिनेव्हियातली उघड्यावरची लोकसंग्रहालयं पाहिली आणि त्यांच्या लक्षात आलं, की डरहमच्या खाणी आता एकामागून एक बंद होणार आहेत आणि त्यांच्याबरोबर एक अख्खं जगणं जाणार आहे. १९१३च्या सुमारास या परगण्यात दीड लाखाहून अधिक खाणकामगार होते. आज तिथे एकही कोळसाखाण चालू नाही. ॲटकिन्सन यांनी लोकांना सांगितलं, तुम्ही द्याल ते आम्ही घेऊ. निवड नंतर करता येईल. लोकांनी घरातली चूल दिली, दुकानाचं काउंटर दिलं, वाघिणी दिल्या. संग्रहालयाला जागा मिळण्याआधी वर्षानुवर्षं हा पसारा लष्कराच्या जुन्या छावणीत साठत राहिला. १९७२ साली बीमिशची जागा लोकांसाठी खुली झाली. तोवर कितीतरी खाणी बुजवल्या गेल्या होत्या, पण वस्तू वाचल्या होत्या.

ब्रिटनचं कोळशावर चालणारं शेवटचं वीजकेंद्र सप्टेंबर २०२४ मध्ये बंद झालं. तिथल्या वारसा-रेल्वेंना वाफेसाठी कोळसा परदेशातून मागवावा लागतो. चंद्रपूरचं वीजकेंद्र मात्र २,९२० मेगावॉटचं, राज्यातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक, आणि ते कोळशावर चालू आहे. म्हणून आपल्याला वाटतं, आपल्याकडे हे सगळं इतिहासजमा व्हायला अजून अवकाश आहे. तसं नाही. कोळसा आहे, पण आता तो बहुतेक उघड्या खाणींतून, डंपर आणि शॉवेलने निघतो. जमिनीखाली जिथे काम चालतं तिथेही टब भरायला यंत्रं आली. फावडं घेऊन टब भरणारा लोडर हे बाबांचं काम संपलं, आणि ते करणारी माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. नागपूरला मोतीबागेत अरुंदमापी रेल्वेचं संग्रहालय आहे, मी ते आवडीने पाहते; इंजिनं आपण जपू शकतो हे तिथे सिद्ध झालं आहे. कामगाराचं क्वार्टर, त्यातली शेगडी, महिन्याच्या कोळशाचं कार्ड, पगाराच्या दिवशी कॅन्टीनसमोर बसणारा बाजार, हे मात्र माझ्या पाहण्यात कुठेही जपलेलं नाही.

मी बीमिशहून परत आल्यापासून आमच्या जुन्या कॉलनीत जाऊन बसते आहे. वस्तू ठेवायला माझ्याकडे एक खोली आहे. तिच्यात सध्या नंबर ठोकलेली टोकनं, बॅटरीचा पट्टा, कापडी पिशवीत जपलेल्या युनियनच्या पावत्या आणि एक दांडा झिजलेलं फावडं आहे. पण वस्तूंपेक्षा कामं आधी लिहून घेते, कारण वस्तू मागे राहते, ती वापरणारा राहत नाही. वहीत प्रत्येक पान एका कामाचं केलं आहे: लोडर, टब ढकलणारा ट्रामर, छताला लाकूड लावणारा, हॉलेज चालवणारा, सरदार, दिव्यांच्या खोलीतला बाबू, पंपवाला. शेवटची पानं बायकांची आहेत. कपडे कशात भिजवायचे, रात्रपाळीचा डबा किती वाजता भरायचा, शेगडीसाठी कोळसा कोणता निवडायचा आणि कोणता फार धूर करतो, भोंगा अवेळी वाजला तर कुणाच्या दारात जाऊन विचारायचं. ट्रामर आणि पंपवाल्याची पानं अजून कोरी आहेत. चंद्रपूर, बल्लारपूर, माजरी, वणी या भागात कुणाच्या घरी हे काम केलेले आजोबा असतील, तर त्यांच्याशेजारी बसून आधी एवढंच विचारावं: पाळीची सुरुवात कशी व्हायची, आणि पहिलं काम कोणतं असायचं.